आठ वाजताची सासू

तिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा सासू झाले. जबडा रुंद, आवाज खालच्या पट्टीतला, आणि नऊवारी अंगावर शोभते, एवढ्या भांडवलावर मालिकावाल्यांनी मला तरुणपणातच म्हातारी केलं. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मी पडद्यावर सुना छळते आहे. खरी सासू मात्र मी दोनच वर्षांपूर्वी झाले, आणि ते काम मला कसं जमलं नाही, ते सांगायला बसले आहे.

माझं नाव वृंदा सबनीस. या नावानं मला फक्त सोसायटीचा वॉचमन ओळखतो. बाकी महाराष्ट्राला मी ‘सात पायऱ्यांचं घर’मधली अक्कासाहेब. घोडबंदर रोडला, येऊरच्या जंगलाला पाठ लावून आमचा सेट आहे. एकदा सकाळी आमच्या खोट्या देवघरात खरा बिबट्या बसलेला सापडला होता आणि त्या दिवशी निर्मात्याला वाईट वाटलं ते फक्त शूटिंग बुडाल्याचं. अशी आमची दुनिया.

माझा मुलगा निषाद जहाजावर असतो, सहा-सहा महिने. त्याची बायको केतकी मूळची मिरजेची, फिजिओथेरपिस्ट, बोलायला चटपटीत. लग्नानंतर आठवड्याभरातच ती मला ‘अहो आई’ म्हणायला लागली आणि मी पण ‘काय गं सूनबाई’ म्हणून तिची फिरकी घ्यायला लागले. घरात आम्ही दोघीच. तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात तिची साखर वाढली, रक्तदाब वर-खाली व्हायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी काम बंद करायला लावलं आणि मनगटावर एक घड्याळ बांधलं. ते नाडी मोजायचं, अंगाला घाम किती सुटला ते बघायचं, झोप मोजायचं. दिवसभर पडून ती कंटाळली.

एका संध्याकाळी म्हणाली, “अहो आई, तुमची सीरियल बघू का? दोन वर्षं झाली लग्नाला, एक भाग बघितला नाही. पाप लागेल मला.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी स्वतः मालिका बघत नाही. आमच्यातलं कुणीच बघत नाही. दिवसाला तेरा तास जो स्वयंपाक रांधायचा, तोच परत आठ वाजता जेवायला कोण बसेल? पण घरातल्या माणसानं चव घेतलेली आवडते.

आता यंत्राचं सांगायला हवं.

गेल्या वर्षी वाहिनीनं आम्हा सगळ्या कलाकारांना बारा-बारा दिवस एका पांढऱ्या खोलीत बसवलं होतं. चारी बाजूंनी कॅमेरे. पुढे एक पडदा सांगायचा: राग द्या. अर्धा राग द्या. राग गिळून हसा. आम्हाला त्यात नवीन काही नव्हतं. रोजच पॅकअपच्या वेळी दिग्दर्शक म्हणतो, “ताई, जाता जाता चार रिॲक्शन देऊन जा,” आणि आम्ही समोर कुणी नसताना डावीकडे दचकतो, उजवीकडे संशयानं बघतो. पुढं महिनाभर कुठल्याही प्रसंगाला ते चिकटवतात. हे त्याचंच मोठं रूप, असं मी समजले.

अकराव्या दिवशी पडदा म्हणाला, खरं बोलतानाचा चेहरा द्या. मी दिला. लाल दिवा लागला. दुसरा दिला, परत लाल. सात वेळा लाल. अठ्ठावीस वर्षांच्या बाईला एक यंत्र सांगतंय की तू खोटी दिसतेस. मला झोंबलं. तेव्हा मी माझं घरचं काढून दिलं. मला कुणाला मनापासून काही सांगायचं असलं की मी त्याचं मनगट दोन्ही हातांत धरते, त्या मनगटाकडे बघत “ऐक” म्हणते आणि मग मान वर करते. माझी आई तसं करायची. नवऱ्याला त्याच्या आजाराचं सांगताना मी तसंच केलं होतं, निषादला त्याचे बाबा गेल्याचं सांगताना तसंच. ते मी त्या खोलीत केलं. हिरवा दिवा लागला, यंत्रापाशी बसलेल्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी खूश होऊन घरी आले. टाळी मिळाली की कलाकार मागचापुढचा विचार करत नाही.

त्यानंतर आमचं शूटिंग निम्म्यावर आलं. उरलेलं ‘मशीन भरून काढतं’ असं सगळे म्हणायचे. कशानं भरून काढतं, हे विचारायला कुणाला सवड होती?

केतकी मालिका बघायला लागून महिना झाला असेल. एके सकाळी तिच्यासाठी केलेली नाचणीची पेज मला मोगऱ्याच्या कुंडीत दिसली. म्हटलं, डोहाळे असतील. दुसऱ्या दिवशी परत कुंडीत. मग तिनं पाण्याची बाटली वेगळी केली. मग खोलीला आतून कडी. मी स्वयंपाकघरात शिरले की ती बाहेर जायची, आणि जाताना भिंतीला धरून जायची, जणू मी धक्का देणार आहे. सातव्या महिन्यात वजन वाढायचं सोडून पाऊण किलोनं उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, हे असंच चाललं तर बाळाला सोसणार नाही.

मी निषादला फोन लावला. तो म्हणाला, “मम्मा, ती घाबरलीय.”

“कशाला?”

तो म्हणाला, “तुला. मी समजावलं तिला. पण ती म्हणते, तू इथं नसतोस, तुला काय माहीत.”

त्या दिवशी मी जेवले नाही. कुठं चुकलं, काय बोलले, आठवून आठवून थकले.

उलगडा झाला तो बारामतीत. एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाची सुपारी होती. आमच्या धंद्यात फीत कापायच्या आमंत्रणाला सुपारीच म्हणतात. फीत कापली, बायकांचा गराडा पडला. एक पन्नाशीची बाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. “अक्कासाहेब, तुम्ही लेकीचं परजातीतलं लगीन लावून दिलं, मग मी पण माझ्या पोरीला घरात घेतलं बघा.” मला लेक नाही मालिकेत. मी हसून वेळ मारून नेली. तेवढ्यात दुसरी म्हणाली, “अवो काय सांगताय, ह्यांनी तर दिराला जमिनीतून उठवलं.” तिसरी नुसती लांब उभी होती. तिनं आपलं तान्हं पदराखाली घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली.

त्यातलं एकही काम मी केलेलं नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण इथं घरोघरी माझी वेगळी चूल पेटली होती.

ठाण्याला घरी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. केतकीच्या खोलीचं दार जरा फटीएवढं उघडं होतं. मी तिथंच उभी राहिले. पडद्यावर मी होते. अक्कासाहेबांच्या वाड्याचं स्वयंपाकघर होतं, पण ओट्यावरचा नाचणीच्या पिठाचा डबा आमच्या घरातल्यासारखा होता. मालिकेतली सून गरोदर होती आणि तिचीही साखर वाढली होती. मी, म्हणजे ती, पेजेत कसली तरी पूड ढवळत होते. मग सून आली. मी तिचं मनगट दोन्ही हातांत धरलं, त्याच्याकडे बघत “ऐक” म्हटलं, मान वर केली आणि म्हणाले, “माझ्या लेकीसारखी आहेस तू. पी.”

पलंगावर केतकी गुडघे पोटाशी घ्यायचा प्रयत्न करत होती. पोटामुळे ते जमत नव्हतं. मनगटावरचं घड्याळ हिरवं लुकलुकत होतं.

मी आत गेले. टीव्ही बंद केला. “केतकी, अगं ती मी नाही. मशीन करतंय ते,” असं म्हणत मी तिच्याजवळ बसले आणि कसलाही विचार न करता तिचं मनगट धरलं. “ऐक...”

तिनं हात हिसकावून घेतला. भिंतीला चिकटली. “अहो आई, प्लीज,” ती म्हणाली, “तुम्ही असं केलं ना, की नंतर काहीतरी होतं.”

मी माझ्या मोबाईलवर मालिका लावून दाखवली. त्यात अक्कासाहेब सुनेचे पाय चेपत होत्या. केतकीनं ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या मोबाईलवर तुम्ही चांगल्याच असणार ना.”

मी मोबाईल बंद केला.

दुसऱ्या दिवशी वाहिनीच्या ऑफिसात जाऊन मी शार्दूल ढवळीकरला गाठलं. पस्तिशीचा इंजिनिअर, ते यंत्र सांभाळणाऱ्या गटाचा प्रमुख, नम्र माणूस. मी आवाज चढवला तरी त्यानं चहा मागवला.

“ताई, मी साधं सांगतो,” तो म्हणाला. “पूर्वी आपण एक भाग करायचो आणि कोटभर लोक तो बघायचे. आवडला की नाही ते आठवड्यानं कळायचं. आता बघणाऱ्याच्या हातातल्या, टीव्हीला जोडलेल्या घड्याळावरून दर सेकंदाला कळतं. नाडी कुठं वाढली, घाम कुठं सुटला, श्वास कुठं अडकला. टीव्हीला माईक आहे, त्याला घरातले शब्द कळतात. यंत्र एवढंच शोधतं, की या माणसाची नजर कशानं हलत नाही. आणि त्याच्यापुरता उद्याचा भाग त्या बाजूला बोटभर सरकवतं.”

“आणि कशानं हलत नाही?”

“प्रेमानं थोडा वेळ थांबतात. पण आपल्या बाबतीत जे होईल अशी भीती वाटते ना, ते माणूस टक लावून बघतो. यंत्राला भीती म्हणजे काय, सासू म्हणजे काय, काही माहीत नाही. त्याला आकडा वाढलेला दिसतो. तुमच्या सूनबाईंना सुरुवातीला असेल थोडी धास्ती, पहिलं बाळ, नवरा लांब, सासूच्या हातचं खाणं. सगळ्यांनाच असते. ती एवढीशी होती.” त्यानं चिमूट दाखवली. “यंत्रानं पाणी घातलं.”

“बंद कर ते तिच्यापुरतं.”

“करतो. पण ताई, आज बंद केलं तर तिच्या डोक्यात शेवटचं चित्र काय राहील? पेजेची वाटी. मालिका अर्ध्यावर तुटली की माणूस पुढचं आपल्या मनानं रचतो, आणि ते यंत्रापेक्षा भयंकर असतं. आम्ही बघितलंय.” त्यानं कप बाजूला ठेवला. “दुसरं करता येईल. जसं चढवलं तसं उतरवू. वीस-बावीस भागांत अक्कासाहेब चांगल्या होतील. फक्त तिच्या घड्याळापुरत्या. नियमात बसत नाही, पण तुमच्यासाठी करतो.”

माझ्या सुनेच्या मनात हात घालायची परवानगी तो माझ्याकडे मागत होता. मला ते तेव्हाच कळलं होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही. पाऊण किलो, डॉक्टरांचा चेहरा, कुंडीतली पेज, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी “कर” म्हटलं. मनात असंही म्हटलं, चांगल्यासाठीच तर आहे. सगळे असंच म्हणत असतील.

चौथ्या दिवशी केतकीनं कडी लावली नाही. आठव्या दिवशी ती स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी उभी राहिली, गवारीच्या शेंगा मोडायला लागली. बाराव्या दिवशी पेज अर्धी प्यायली. सतराव्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “अहो आई, मी फार वाईट वागले का हो तुमच्याशी?” मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. सुख झालं, आणि त्या सुखाची लाजही वाटली. वजन वाढलं, साखर आवाक्यात आली, डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. निषादनं जहाजावरून पेढे वाटल्याचा फोटो पाठवला.

आम्ही सातव्यातच करायचं राहिलेलं डोहाळजेवण आठव्या महिन्यातल्या रविवारी ठरवलं. आदल्या शनिवारी मी स्वयंपाकघरात करंज्यांचं सारण परतत असताना शार्दूलचा फोन आला. हात बरबटलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. केतकी खाली बागेत फिरायला गेली होती.

“ताई, सांगणं भाग आहे,” तो म्हणाला. “तिचा आकडा पडतोय. आता ती शांतपणे बघते. परवा मध्येच उठून पाणी प्यायला गेली, काल भाग संपायच्या आधी झोपली. यंत्राला हे चालत नाही. ते वळण मागतंय. मी हातानं धरून ठेवलंय, पण फार दिवस धरता येणार नाही.”

“किती दिवस?”

“बाळ येईपर्यंतसुद्धा नाही. आणि ताई, बाळ आलं की...” त्यानं वाक्य पुरं केलं नाही. पुढचं मला त्यानं सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं मी तेच करत आले आहे. घरात पाळणा हलला की लेखक हात चोळत बसतात.

“मग मी तिला खरं सांगते,” मी म्हटलं. “सगळं. आधी काय झालं, मग मी तुला काय करायला लावलं. ती मला माफ करो न करो. पण मग तिचं तिला ठरवता येईल.”

“सांगा,” तो म्हणाला. “पण लवकर.”

रविवारी केतकी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून बसली होती. मिरजेहून तिची आई, मावशी, शेजारच्या बायका, सगळ्या आल्या. पहिला घास सासूनं भरवायचा. मी करंजीचा तुकडा पुढे केला. तिनं तोंड उघडलं. डोळे मिटून, लहान मुलासारखं. बायकांनी गाणं धरलं. मी पदर डोळ्यांना लावला आणि पहिल्यांदाच मला कळेना, की ही मुलगी माझ्या हातचं खातेय की अक्कासाहेबांच्या.

त्या दिवशी पाहुणे होते. सोमवारी मी तीनदा तिच्या खोलीपर्यंत गेले आणि तीनदा परत फिरले. धीर झाला नाही. एवढ्या मुश्किलीनं परत आलेलं माणूस आपल्याच तोंडानं घालवायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. आठ वाजता ती मालिका बघायला गेली. मी बाल्कनीत बसून राहिले.

मंगळवारी सकाळी तिची आई मिरजेला परत गेली. केतकी टेबलाशी पेज पीत होती. मी समोरच्या खुर्चीत बसले. हात मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवले, की चुकूनही तिचं मनगट धरलं जाऊ नये. आणि सांगायला लागले. बारा दिवसांची पांढरी खोली, बारामतीच्या बायका, शार्दूल, त्याचा चहा, मी म्हटलेलं “कर”. कुठंही स्वतःला सांभाळून घेतलं नाही. “तुझं मन मी तुला न विचारता वळवलं, केतकी. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस, ते तुझ्या मनानं की त्याच्या, ते मलाही माहीत नाही. तुला राग आला तर तो खरा असेल. तुला मिरजेला जायचं असेल तर मी स्वतः सोडायला येईन.”

ती शांतपणे ऐकत होती. पेज थांबवली नाही. शेवटचा चमचा तोंडात घातला, ओठ पुसले.

“मला माहितीये, अहो आई,” ती म्हणाली.

“काय माहितीये?”

“हे सगळं. काल अक्कासाहेबांनी सांगितलं ना सुनेला. की मी तुझं मन वळवलं, तुला न विचारता. किती रडले मी. संबंध वीस मिनिटं हललेसुद्धा नाही.” तिनं मनगटावरचं घड्याळ नीट केलं. “मिरजेला सोडायचंही म्हणाल्या. म्हणजे, मिरज नाही, सुनेच्या माहेरी.”

शनिवारची कढई माझ्या डोळ्यांपुढे आली. स्पीकरवरचा फोन, आणि हॉलमधल्या टीव्हीवरचा माईकचा तो बारीक निळा दिवा. यंत्र वळण मागत होतं. ते मीच त्याला दिलं होतं.

“केतकी,” मी म्हटलं, “ती मी नव्हते. हे आत्ता जे बोलतेय, ती मी आहे.”

“हो ना,” ती मायेनं म्हणाली. “तसंच म्हणाल्या त्या पण.”

बाहेर पोळी-भाजीवाल्या बाईंनी बेल वाजवली. आम्ही दोघीही उठलो नाही. मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. राग चालला असता. भीती चालली असती. जे काही तिचं स्वतःचं असेल ते चाललं असतं. तिचा चेहरा शाळेच्या पोरीसारखा होता, निकाल उद्या लागणार असल्यासारखा.

“मग तू काय ठरवलंस?” मी विचारलं. “जायचं की राहायचं?”

“अजून कळलं नाही.”

“कळलं नाही म्हणजे?”

“त्या सुनेनं दाराची कडी धरली होती, आणि तिथंच भाग संपला.” तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सकाळचे साडेनऊ झाले होते. “आज कळेल.”

“आज बघू नकोस,” मी म्हटलं. माझा आवाज फुटला, आणि तो कुठल्या पट्टीत फुटला ते मी पहिल्यांदाच पाहिलं नाही. “केतकी, पाया पडते तुझ्या. एक दिवस बघू नकोस.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. खरोखरच्या आश्चर्यानं, जरा काळजीनंही.

“पण अहो आई,” ती म्हणाली, “न बघता मला कळणार कसं?”